फ्युचरामा : फ्रायनं कुत्र्याला परत जिवंत करायला हवं होतं का?

काळीची ओल

(आधीच सांगतो, खाली काही भागांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी पाहून मग वाचा.)

इथे मराठी मालिकांवर रोज चार धागे निघतात. फ्युचरामा या अमेरिकी कार्टून मालिकेवर एकही नाही. कार्टून म्हटलं की लोक पोरांचा विषय समजून पुढे जातात. माझ्या मते हसवणाऱ्या विज्ञानकथांमध्ये माणसाच्या मनाचा एवढा खोल विचार फार थोड्यांनी केला आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. फ्राय हा न्यूयॉर्कमध्ये घरोघरी पिझ्झा पोचवणारा पोरगा. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री तो एका शीतपेटीत पडतो, हजार वर्षं गोठून राहतो आणि थेट तीन हजार सालाच्या तोंडावर जागा होतो. आई, बाप, भाऊ, कुत्रा, सगळे कधीचेच गेलेले. नव्या जगात त्याला एका डोळ्याची लीला भेटते, बेंडर नावाचा दारुडा आणि चोरटा रोबो भेटतो. प्राध्यापक फार्न्सवर्थ हा त्याचाच कितीतरी पिढ्यांनंतरचा पुतण्या. तो त्याला आपल्या कंपनीत माल पोचवायला ठेवतो. मॅट ग्रेनिंग आणि डेव्हिड एक्स. कोहेन यांची ही मालिका २८ मार्च १९९९ ला सुरू झाली, २००३ मध्ये बंद पडली, २०१० ते २०१३ पुन्हा चालली आणि २०२३ पासून परत आली. लिहिणाऱ्यांमध्ये गणितात आणि विज्ञानात डॉक्टरेट केलेली माणसं होती. एका भागातला पेच सोडवायला केन कीलर यांनी खरोखरचं नवं प्रमेय सिद्ध केलं. पण मला आज बोलायचं आहे ते 'जुरासिक बार्क' या २००२ मधल्या भागाबद्दल.

फ्रायला संग्रहालयात त्याचंच जुनं पिझ्झाचं दुकान दिसतं, उत्खननात सापडलेलं. त्यात त्याचा कुत्रा सीमोर, दगड झालेला. फ्राय संग्रहालयासमोर ठाण मांडतो आणि कुत्रा मिळवतो. प्राध्यापक सांगतात की याला स्वभाव आणि आठवणींसकट परत आणता येईल. सगळी तयारी होते. ऐन वेळी यंत्र सांगतं की कुत्रा पंधरा वर्षांचा होऊन मेला. फ्राय गेला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. म्हणजे मालक गेल्यावर बारा वर्षं जगला. फ्राय म्हणतो, त्याचं पूर्ण आयुष्य माझ्याशिवाय झालं, तो मला केव्हाच विसरला असेल, त्याला झोपू द्या. आणि यंत्र बंद करतो.

मग शेवटचं मिनिट येतं. दुकानाबाहेर सीमोर बसलेला. मालक सांगून गेला होता की थांब. पानं गळतात, बर्फ पडतो, ऊन येतं. दुकानाचा मालक म्हातारा होतो. येणारे-जाणारे बदलतात. कुत्र्याची केसं पिकतात. एक दिवस तो मान खाली टाकतो आणि डोळे मिटतो.

लोक यावर रडतात आणि पुढचा भाग लावतात. त्यातला नीतीचा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. फ्रायची नियत साफ होती. आपल्या सुखासाठी दुसऱ्याला उठवायचं नाही, हा विचार मोठ्या मनाचा आहे. पण त्यानं वय विचारलं, हाल विचारले नाहीत. ती बारा वर्षं कशी गेली हे त्यानं जाणून घेतलंच नाही, स्वतःच ठरवून टाकलं. आणखी एक बघा. याच भागात मागची आठवण दाखवली आहे. फ्राय हरवल्यावर सीमोर त्याच्या आईबापाला वास काढत त्या शीतपेटीपर्यंत नेतो आणि भुंकतो. आपला माणूस कुठे आहे हे त्या एकट्याला माहीत होतं. कोणी लक्ष दिलं नाही, त्याला ओढून घरी नेलं. म्हणजे त्यालाही कोणी विचारलं नाही.

घाटंजीच्या बाजूला आमच्या गावात दर दोन घरांआड एक घर असं आहे की पोरगं पुण्याला नाहीतर नागपूरला. फोन येतो, 'सगळं बरं आहे ना?' इकडून उत्तर जातं, 'हो, सगळं बरं आहे.' प्रश्नातच उत्तर घालून दिलेलं असतं. फ्रायनं स्वतःला नेमका हाच प्रश्न विचारला असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? त्यानं कुत्र्याला उठवायला हवं होतं का?

पऱ्हाटी

भाऊ, मले हे नाई पटलं. इचारलं नाई म्हनता, पन इचारनार कोनाले? हजार वर्सं होऊन गेलते. यंत्रानं जेवढं सांगतलं तेवढंच त्याले मालूम. मानसाजोळ जेवढी माहिती हाय तेवढ्यातच तो फैसला करते. त्याच्या फैसल्यात खोट काहाडाची असन तं त्याच्या मनात खोट होती का ते पाहा. ते नोहोती.

आन् मी तं म्हनतो का फ्रायले ते शेवटचं मिनिट दिसलं नाई हेच चांगलं झालं. दिसलं असतं तं तो कसा जगला असता? ते दुख लिहिनाऱ्यानं आपल्याले देल्लं, त्याले नाई देल्लं. त्याच्यात बी एक दया हाय.

रानवारा

हा भाग मी पुन्हा पाहूच शकले नाही. आमच्या गुरांच्या कोठ्यासमोर एक कुत्री होती, तिचा धनी वारल्यावर ती त्याच्या खाटेखाली बसायची. यापुढे लिहवत नाही. पण धाग्याबद्दल मनापासून आभार.

मुक्काम पिंपरी

मूळ वाशिम जिल्ह्यातला. काळीची ओल यांनी पुण्याच्या पोरांबद्दल लिहिलं ते खरं आहे आणि लागलंही. त्यावर वेगळं बोलू.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. हे कथानक नंतर बदललेलं आहे. २००७ मध्ये 'बेंडर्स बिग स्कोर' हा फ्युचरामाचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्यात काळात मागे जाण्याच्या भानगडीत फ्रायची एक प्रत तयार होते. ती प्रत जुन्या न्यूयॉर्कला परत जाते आणि त्याच पिझ्झाच्या दुकानावर राहते. म्हणजे सीमोर त्या बारा वर्षांत एकटा नव्हता, त्याचा फ्राय त्याच्याजवळ होता. त्यामुळे 'वाट पाहत मेला' हे पुढच्या कथेप्रमाणे खरं राहत नाही. पाहणाऱ्यांना एवढं रडवल्यावर लिहिणाऱ्यांनी दिलासा दिला. मला तो दिलासा हवा होता आणि तो मिळाला.

काळीची ओल

चित्रपट मी पाहिला आहे. मुद्दाम उल्लेख केला नव्हता, पण विषय निघाला तर बोलतो.

दिलासा देण्यात वाईट काही नाही. माझी अडचण वेगळी आहे. नवीन कथा खरी धरली तर 'जुरासिक बार्क'मधला फ्राय अंदाजानं बरोबर ठरतो. कुत्र्याचं आयुष्य चांगलं गेलं, उठवायची गरज नव्हती, सगळं ठीक. मग त्यानं न विचारता ठरवलं हे झाकून जातं. नशिबानं बरोबर निघालेला निर्णय आणि विचारून घेतलेला निर्णय यात फरक आहे. २००२ चा भाग मी जसा संपला तसाच धरतो.

पऱ्हाटी भाऊ, तुमचा मुद्दा वजनाचा आहे. मनात खोट नव्हती हे मान्य. पण यंत्र तिथेच चालू होतं, आठवणी काढता येत होत्या, त्यानंच बंद करायला लावलं. माहिती नव्हती असं नाही, माहितीच्या दारातून तो परत फिरला. भीतीपोटी फिरला की मायेपोटी, हे मात्र मला सांगता येणार नाही.

धुऱ्यावरचा

विचारण्याचाच मुद्दा असेल तर २००१ चा 'द लक ऑफ द फ्रायरिश' पाहिल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. माझ्या मते तो 'जुरासिक बार्क'पेक्षा सरस आहे.

फ्राय आणि त्याचा मोठा भाऊ यान्सी यांचं लहानपणापासून पटत नाही. फ्राय जे करेल ते यान्सी उचलतो. फ्रायला क्लोव्हर नावाचं सात पानांचं रोपटं सापडतं, नशीब घेऊन येणारं, ते तो लपवून ठेवतो. हजार वर्षांनी तो त्याच्या जुन्या घराच्या पडक्या जागी जातो तर क्लोव्हर जागेवर नाही. पुढे पाहतो तर एका पुतळ्यावर यान्सीचा चेहरा आणि खाली नाव फिलिप जे. फ्राय. मंगळावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस. फ्रायच्या डोक्यात एकच, भावानं माझं क्लोव्हर चोरलं, माझं नावही चोरलं. तो थडगं उकरायला निघतो.

थडग्यावरचं शेवाळ खरवडल्यावर अक्षरं दिसतात. तो यान्सी नाहीच, यान्सीचा मुलगा आहे. हरवलेल्या काकाची आठवण म्हणून यान्सीनं पोराला भावाचं नाव दिलं होतं. क्लोव्हरही त्यानंच पोराला दिलं. फ्राय क्लोव्हर परत तिथेच ठेवतो.

आता आमच्याकडचं सांगतो. माझे बाबा आणि मोठे काकाजी यांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलणं बंद होतं. धुरा म्हणजे किती, दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, इकडे की तिकडे. पेरणीच्या दिवसांत दोघं आपापल्या वावरात, मधे धुरा, आणि निरोप सालदाराच्या तोंडून. दर वर्षी वखर लागला की एकेकाला वाटायचं, दुसऱ्यानं एक तास आत घेतलं. मोजणी आणायची दोघांचीही तयारी नव्हती, कारण मोजणी आणली म्हणजे भावाला चोर म्हटल्यासारखं होतं. त्यामुळे चोर म्हणायचं मनातल्या मनात, आणि तेही वर्षानुवर्षं. काकाजी गेल्यावर काकूनं सांगितलं की ते पोळ्याला दर वर्षी आमच्या बैलांसाठी वेगळी मठाठी, म्हणजे सजवायचा साज, आणायचे आणि द्यायची कशी म्हणून घरातच ठेवून द्यायचे. काकूनं ते गाठोडं काढून दाखवलं. सुतळ्या, बेगड, झुली, नवं कोरं सगळं, घड्या मोडलेल्या नाहीत.

फ्रायला थडग्यावर वाचायला मिळालं, बाबांना गाठोड्यात. काळीची ओल म्हणतात तोच प्रश्न आहे, पण इथे विचारायला माणूस धुऱ्यापलीकडे जिवंत उभा होता.

पऱ्हाटी

धुऱ्यावरचा भाऊ, हे वाचून डोये भरून आले. आमच्या घरी बी हेच सुरू हाय, फक्त दोघं बी अजून जिते हायेत. आज संध्याकाळी जाऊन येतो.

सही-शिक्का

मी ग्रामपंचायतीत काम करतो, त्यामुळे माझं लक्ष दुसऱ्याच पात्राकडे जातं. हर्मीस कॉनराड, कंपनीतला कारकून. नियम, अर्ज, तीन प्रतींत सही, हेच त्याचं जगणं. मालिकाभर त्याच्यावर विनोद होतात.

२०१० च्या 'लीथल इन्स्पेक्शन' या भागात बेंडरला कळतं की तो बनला तेव्हाच त्याच्यात दोष होता. बाकी रोबोंच्या मनाची प्रत साठवलेली असते, शरीर गेलं तरी दुसऱ्यात भरता येते. याची नाही. म्हणजे रोबो असूनही हा मरणार. कारखान्यात त्याला तपासून पास करणारा होता 'इन्स्पेक्टर ५'. बेंडर त्याला शोधायला निघतो, सोबत हर्मीस. शेवटी नोंदी सापडत नाहीत. मग आपल्याला दाखवतात की तो इन्स्पेक्टर ५ स्वतः हर्मीसच होता. सदोष बाळ नियमाप्रमाणे नष्ट करायचं, आणि यानं त्या बाळाकडे पाहून सही केली. कधी कोणाला सांगितलं नाही. शेवटी तो कागद जाळतो.

माझ्या टेबलावर रोज असे कागद येतात ज्यात एक रकाना भरला नाही तर माणसाचं काम अडतं. नियम मोडा असं मी म्हणत नाही. नियम नसेल तर ज्याची ओळख आहे त्याचंच काम होईल, गरिबाचं कधीच होणार नाही, हे मी जवळून बघतो. पण ज्यानं सही करायची त्यानं एकदा वर मान करून समोर कोण उभं आहे ते पाहावं. एक आजी निराधारच्या पैशांसाठी हयातीचा दाखला मागायला आली होती. तिच्या हाताचे ठसे यंत्र घेत नव्हतं. कापूस वेचून बोटं झिजलेली. यंत्राच्या मते ती तिथे नव्हतीच. तिच्याशी बोललो, दुसरा मार्ग नियमात होता, तो शोधला आणि काम झालं. शोधायला वेळ काढावा लागतो, एवढंच.

एक शंका मला राहते. हर्मीसनं बेंडरला सांगायला हवं होतं का? ज्याचं आयुष्य आहे त्याला ते कोणामुळे मिळालं हे कळण्याचा हक्क नाही का?

रानवारा

सही-शिक्का सर, माझ्या मते नाही. उपकार सांगितला की त्याचं ओझं होतं. बेंडर आयुष्यभर हर्मीससमोर वाकून राहिला असता. आता तो त्याच्यावर हक्कानं ओरडतो, भांडतो, आणि ते दोघांसाठीही चांगलं आहे.

संत्राबाग

वरुडहून. उपकाराचा विषय आलाच आहे तर २००२ चा 'गॉडफेलाज' घ्यायलाच हवा. माझ्या दृष्टीनं पूर्ण मालिकेत याच्या तोडीचं काही नाही.

बेंडर अंतराळात भरकटतो. त्याच्या अंगावर बोटभरही नसलेल्या जिवांची वस्ती होते आणि ते त्याला देव मानतात. तो त्यांना मदत करायला जातो. एकाचं ऐकलं की दुसऱ्याचं नुकसान होतं. त्याच्या हाताची हालचालच त्यांच्यासाठी प्रलय. मग तो ठरवतो, आता काहीच करायचं नाही. इकडे त्याच्या पाठीकडच्या बाजूला राहणारे असतात, त्यांच्या प्रार्थना त्याला कधी ऐकूच गेलेल्या नसतात. त्यांचा विश्वास उडतो. पुढचे आणि मागचे एकमेकांवर अण्वस्त्रं टाकून संपून जातात. नंतर त्याला आकाशगंगेएवढी एक शक्ती भेटते, ती कदाचित देव असेल. ती सांगते ते साधारण असं की फार केलं तर लोक अवलंबून राहतात, काहीच नाही केलं तर आशा सोडतात, म्हणून हात हलका हवा, एवढा की कोणी काही केलं का याचीच लोकांना शंका राहावी.

हे बघताना मला आमचा भाग दिसतो. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २००८ ला देशभर कर्जमाफी आली. त्यात पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. विदर्भातल्या कोरडवाहू कास्तकाराकडे जमीन त्याहून जास्त असते आणि पाण्याचा भरवसा नसतो. पाच एकर ओलिताचा धनी माफीत बसला, आठ एकर कोरडवाहूवाला बाहेर राहिला. त्याला काही भागाचीच सूट, आणि तीही उरलेलं कर्ज भरलं तर. हात मोठा होता, मायाही असेल, पण पाठीकडच्या बाजूची हाक ऐकूच गेली नव्हती.

आणि हलका हात म्हणाल तर तो आमच्या जिल्ह्यानं पाहिलेला आहे. शेंडगावचे गाडगेबाबा. गावात शिरले की आधी खराटा हातात. गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन. पाया पडू द्यायचे नाहीत. कीर्तनातही सांगण्यापेक्षा विचारणं जास्त. समोर बसलेल्या अडाणी माणसालाच प्रश्न करायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. काळीची ओल ज्या विचारण्याबद्दल बोलतात ते मला तिथे दिसतं.

पऱ्हाटी

संत्राबाग काकाजी, गाडगेबाबाचं सोळा आने खरं. पन एक सांगतो. माफीनं लोक अवलंबून होतात, असं तुमी नाई म्हनलं, पन लोक ह्या भागाचा तसा अर्थ काहाडतात. बेंडर म्हनते ना मंग की देवाच्या भरोशावर रायता येत नाई, चाला आपुनच जाऊन त्या भिक्खूंले सोडवू. बेंडरले शोधाच्या नादात फ्राय आन् लीलानं त्या भिक्खूंले कोंडून ठेवलं असते ना, मंदिरातल्या कपडे धुवाच्या खोलीत. ते तिकडं तसेच रायले असते. भागाचा शेवट तिथं हाय. हलका हात म्हंजे हात बांधून बसनं नाई.

संत्राबाग

अगदी बरोबर पकडलंत. तो शेवट मी सांगायचा राहिलो. देवानं सगळं सांगून झाल्यावरही जाऊन कुलूप उघडायचं काम बेंडरलाच करावं लागतं.

मुक्काम पिंपरी

दोन दिवस हा धागा नुसता वाचत होतो. २०१३ चा 'गेम ऑफ टोन्स' कोणी पाहिला आहे का? त्यात फ्रायला शेवटी आईच्या स्वप्नात जाऊ देतात. त्याच्या स्वप्नातली आई नाही, तिच्या स्वतःच्या स्वप्नात. म्हणजे ती त्याला खरंच भेटते. त्याला खूप काही सांगायचं असेल असं आपल्याला वाटतं. तो फक्त मिठी मारतो.

काल घरी फोन केला तेव्हा 'सगळं बरं आहे ना' म्हटलं नाही. 'आज काय काय केलं' असं विचारलं. आई बराच वेळ बोलली. तूर काढणीला मजूर मिळत नाहीत, गुडघ्याचं तेल संपलं आहे, बाजूच्यांच्या गाईला गोऱ्हा झाला. तेलाचं तर मला माहीतच नव्हतं.

पाटी-पुस्तक

मी भंडाऱ्याकडे जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. सातवी-आठवीच्या मुलांना यातलं काही दाखवावं असं हे वाचून वाटतंय. मुलांना इंग्रजी फारसं येत नाही, मी थांबवून थांबवून सांगेन. कुठला भाग आधी घ्यावा?

धुऱ्यावरचा

ताई, 'द प्रॉब्लेम विथ पॉप्लर्स' घ्या, २००० सालचा. चवीला भारी असा एक पदार्थ एका ग्रहावर सापडतो, सगळी पृथ्वी तो खाते, आणि मग कळतं की ती दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांची पिल्लं आहेत. खाणं कुठून येतं यावर मुलं भरपूर बोलतील. घरी कोंबडी पाळणारी, मासे धरणारी पोरं असतील तर त्यांच्याकडे शहरातल्या पोरांपेक्षा जास्त सांगण्यासारखं असेल.

काळीची ओल

ताई, पॉप्लर्स चांगला आहे, पण मी 'गॉडफेलाज' म्हणेन. त्यातले छोटे जीव मुलांना लगेच आवडतात, आणि बेंडरनं काय करायला हवं होतं यावर दोन तट पडतात. पाठीकडच्या लोकांचं येईल तिथे थांबवा आणि त्यांच्या बाजूनं कोण बोलतं ते बघा. 'जुरासिक बार्क' मात्र वर्गात एकदम लावू नका. ज्यांच्या घरचं कोणी गेलं आहे अशी मुलं असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

पाटी-पुस्तक

चालेल. या शनिवारी 'गॉडफेलाज' लावते. लाइन असली तर प्रोजेक्टर, नाहीतर लॅपटॉप मधे ठेवून सगळे गोल बसू. बेंडर दारू पितो, सिगार ओढतो, तेवढं पालकांना आधी सांगून ठेवते. मुलं काय म्हणाली ते इथेच लिहीन.